खडूमामाचा कोट, मोठ्या साहेबांच्या अंगावर

खरं सांगते, हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं आणि दोनदा पुसलं. मावशीने बजावलंय, "माझ्याबद्दल कुठे काही छापलंस तर तोंड शिवून टाकीन." आणि ती नुसती बोलत नाही, तिला शिवता येतं. पण आता पोटात राहतच नाहीये, म्हणून एका दमात लिहून टाकते. चुका झाल्या तर झाल्या.

माझी मोठी मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, मालिकांच्या स्टुडिओत कपडेपटात काम करते. हे सांगितलं की मैत्रिणी लगेच विचारतात, "अय्या, म्हणजे हिरॉइनचे ड्रेस तीच शिवते?" नाही हो. मावशीचं काम बरोब्बर उलटं आहे, ती नवे कपडे जुने करते. दुकानातून कडक घडीचा शर्ट येतो आणि मालिकेतला माणूस तर दहा वर्षं तोच शर्ट घालून कामावर जाणारा असतो. मग मावशी त्या शर्टाची कॉलर पॉलिश पेपरने घासते, कोपरांवर वाटी उलटी ठेवून खसाखसा फिरवते, चहाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवते. खिसे ओघळायला हवे असतील तर त्यात दगड भरून कपडा वाफेवर टांगून ठेवते. तिच्या खोलीत गेलात तर वाटेल पाच-सहा माणसांना फाशी दिलीय.

ती म्हणते, "मळका करणं कुणालाही जमतं गं. वापरलेला करायचा तर आधी तो कोण वापरतो ते ठरवावं लागतं."

तर तीन-चार वर्षं घराघरात गाजतेय ती चावीवाल्याची मालिका. दिवसा रस्त्याच्या कोपऱ्यावर किल्ल्या घासणारा गरीब माणूस, बाकी वेळ लोकांच्या तिजोऱ्या उघडणारा. दोस्ताला दगा देतो, बायकोशी खोटं बोलतो, आणि तरी सगळ्यांना तोच आवडतो. आमच्या कॉलेजात पोरं म्हणतात, "वाईट आहे, पण आपला आहे." त्याचा तो तपकिरी कोट तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असेल. उजवा खिसा लोंबणारा, कारण तो सारखी मूठ खुपसून उभा असतो. डावी बाही मनगटापाशी घासून पांढरी झालेली. आणि मधलं एकच बटण हिरवं. त्या हिरव्या बटणावर लोकांनी काय काय तर्क लढवलेत! कुणी म्हणे ते मेलेल्या आईचं, कुणी म्हणे त्यात किल्ली लपवलीय.

पहिला भाग लागला तेव्हा आई भाजी निवडत होती. पडद्यावर तो कोट दिसला आणि तिचा हात थांबला. मावशी आमच्याकडेच आली होती. आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "ताई, हा दादाचा कोट आहे."

मावशी म्हणाली, "आवाज वाढव जरा."

दादा म्हणजे माझा मामा, मावशीच्या पाठचा. लहानपणी शिंप्याचा खडू खायचा म्हणून त्याचं नाव पडलं खडू, आणि पुढे तो खरंच शिंपी झाला. उजव्या खिशात मूठ त्याचीच. डावी बाही घासायची ती कापायच्या टेबलाच्या कडेवर. मधलं बटण तुटलं तेव्हा त्याने एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं उरलेलं हिरवं बटण लावलं आणि म्हणाला, "कोण बघतंय?" मावशी बघत होती, एवढंच. खरा कोट मामाच्याच जवळ. मालिकेतला तिने नव्याने केला, आणि तो कोट कोण वापरतो हे तिला ठरवावंच लागलं नाही.

भांडण झालं ते मालिकेच्या आधीच. मामाचं दुकान तयार कपड्यांच्या लाटेत बसलं तेव्हा तो मावशीकडे राहायला आला. दोन खोल्या आणि ही दोन माणसं, दोघंही लग्नाच्या भानगडीत न पडलेली, एक नंबरची हट्टी. मावशीचं काम मामाला अजिबात पटायचं नाही. तो इस्त्रीची घडी मोडली तरी कळवळणारा माणूस. तिच्या हातात पॉलिश पेपर दिसला की म्हणायचा, "कापड रडतंय गं ताई, ऐकू येत नाही का तुला?" ती म्हणायची, "तू रडतोयस. नाक पूस." असं चाललेलं असायचं, गमतीत.

मग एकदा मावशीने स्टुडिओतल्या लोकांना जेवायला बोलावलं. मामा रंगात आला. सगळ्यांसमोर तिची नक्कल करायला लागला, ती शर्ट कशी घासते, दगड कसे भरते. लोक हसून हसून लोळत होते. मावशीला ते झोंबलं आणि तिच्या तोंडून गेलं, "जो माझ्या जिवावर जेवतो त्याने माझ्या कामाला नावं ठेवू नयेत."

मामाने जेवण संपवलं, पानात काही टाकलं नाही. ताट घासलं, पालथं घातलं. सकाळी तो कात्री आणि तो कोट घेऊन गेला.

कुठे गेला ते सगळ्यांना माहीत होतं हो! लांबच्या एका शहरात गणवेशांच्या कारखान्यात लागला. आईकडे त्याचा पत्ता होता, नंबर होता. आई त्याच्याशी बोलायची, पण फोनवर तो "हो, बरं, ठीक" एवढंच. आणि मावशी? विषय निघाला की तोंडात मिठाची गुळणी. खूपच ताणलं तर, "मी मोठी आहे. त्याने यायला हवं." पण आमच्याकडे बेल वाजली की दाराकडे पहिली मान तिची वळायची. आमचं घर, आमची बेल, आणि वळायची मात्र तिची मान.

आता ते मोठे साहेब. सिमेंटपासून बिस्किटापर्यंत सगळं ज्यांचं आहे ते. दर वर्षी सुट्ट्या लागल्या की त्यांचं सहकुटुंब गमतीचं कार्ड निघतं. गेल्या वर्षी अख्खं घर अंतराळवीर झालं होतं, कुत्र्यासकट. कार्ड पेपरात छापून येतं, आणि त्यांच्या प्रत्येक कारखान्यातल्या प्रत्येक माणसाला बिस्किटांच्या डब्याबरोबर हातात मिळतं. या वर्षी साहेबांना चावीवाला व्हायचं होतं, आणि कोट अस्सलच हवा होता.

त्यांचा मॅनेजर स्वतः स्टुडिओत आला. मावशीने कधी कुणाला कोटाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. पण या वेळी म्हणाली, "न्या की."

संध्याकाळी आमच्याकडे आली ती वेगळीच. मला म्हणाली, "बिस्किटवाल्यांचे गणवेश कुठे शिवतात माहितीय?"

"कुठे?"

"असेल कुठेतरी," म्हणाली आणि कपबशी विसळायला गेली.

आईने कपाळावर हात मारला. "ताई! दादाचा कारखाना! तोही याच साहेबांचा. म्हणजे कार्ड त्याच्या हातात जाणार."

"मग? सगळ्यांच्याच जाणार."

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! सरळ फोन कर ना."

"फोनवर काय सांगू? तो मालिका बघत नाही, त्याच्याकडे टीव्हीच नाही, तूच म्हणालीस. कार्ड बघेल, कोट बघेल. शिंपी आहे तो. माझा हात ओळखेल, स्वतःचा खिसा ओळखेल. त्याला कळेल की..."

"काय कळेल?"

मावशीने नळ मोठा केला. पण कळलं आम्हाला. त्याच्या एकेका सवयीसकट तो तिला पाठ आहे, हे त्याला कळावं. नावं ठेवली त्याच कामातून कळावं.

मग वाट बघणं सुरू झालं. आणि ते बघवत नव्हतं खरंच. मावशीने दाराचं कडी-कुलूप नीट करून घेतलं. मामाला उशी उंच लागते म्हणून एक उशी आणली आणि मला म्हणाली, "सेल लागला होता." कोट देताना तिने मॅनेजरला चार चार वेळा सांगितलं होतं, धुऊ नका, इस्त्री नको, आहे तसाच घालायचा. मॅनेजर मान डोलवत होता.

कार्ड आलं. मावशीच्या नावाने वेगळं, जाड पाकिटात, तेही आमच्या पत्त्यावर कारण ती दिवसभर स्टुडिओत. आली, चपलासुद्धा काढल्या नाहीत, पाकीट फोडलं.

साहेब मधोमध, हातात हे एवढं किल्ल्यांचं कडं. बायको तिजोरीवर बसलेली, मुलं पोलिसांच्या वेषात, कुत्र्याच्या गळ्यात कुलूप. खाली ओळ: नव्या वर्षात तुमची सगळी कुलपं उघडोत, आमची सोडून.

आणि कोट कडक. कॉलर ताठ, कडेला सुरीसारखी इस्त्री. उजवा खिसा वर उचलून पक्का शिवलेला. डाव्या बाहीला असं रफू की कुठे घासलं होतं ते शोधून सापडेना. हिरव्या बटणाच्या जागी खराखुरा पाचू चमकत होता, तो बाईसाहेबांचा विनोद.

मावशी खाली बसली. चपलांसकट.

मी चिडून मॅनेजरला फोन लावला. तो बिचारा गोंधळला. "अहो, आमच्या घरात फार जुने काका आहेत, कपड्यांचं तेच बघतात. त्यांना निरोप दिला होता. पण ते म्हणाले, साहेबांच्या अंगावर फाटका कोट? माझ्या हयातीत नाही! दोन दिवस खपून नवा करून दिला हो. काही चुकलं का?"

मावशीने फोन माझ्या हातातून घेतला. मला वाटलं आता त्या काकांचं काही खरं नाही. पण ती म्हणाली, "त्यांना सांगा, रफू सुरेख झालंय," आणि ठेवून दिला.

मग म्हणाली, "खडूने पण हेच केलं असतं." आणि रडायला लागली. मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं. मला काय करावं ते कळेना, मीही रडायला लागले. आई आतून आली ती आमच्यावरच ओरडली, "दोघी काय नळ सोडून बसलात? कोट गेला खड्ड्यात! ताई, तिकीट काढू?"

"मी मोठी आहे..."

"मोठी आहेस म्हणूनच जा. मी लहान आहे, मी किती वर्षं तुमच्या दोघांमध्ये निरोप्या व्हायचं?"

मावशी पदरावर टिपं मोजल्यासारखी बोटं फिरवत बसली. मग विचारलं, "खिडकीजवळची सीट मिळेल का?"

आज सकाळी ती पोचली. आईचा फोन स्पीकरवर, आम्ही दोघी त्यावर वाकलेल्या.

"भेटला?"

"हं. कुकर लावतोय." आवाज अगदी बारीक. "एकच खोली आहे गं. पडदे मात्र काय शिवलेत! दार उघडलं आणि म्हणाला, दमली असशील, बस."

"आणि कार्ड?"

"कसलं कार्ड! बिस्किटं खाल्ली म्हणे, पाकीट शेजारच्या पोरीला दिलं चित्र काढायला. उघडलंसुद्धा नाही."

आईने डोळे मिटले. मग हळूच विचारलं, "ते बोललीस का?"

"कशी बोलू? त्याचा डावा कान गेलाय. उजव्यानेही कमीच येतं. कारखान्यातल्या मशिनींनी. म्हणून फोनवर हो-बरं-ठीक करायचा गं, राग नव्हता तो, त्याला ऐकूच येत नव्हतं. आणि आपण... सारखं डाव्या बाजूने बोलतेय मी, तो हसतोय नुसता. हळू बोलून उपयोग नाही. इथे भिंती कागदाच्या. अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडून माफी मागू का?"

आई म्हणाली, "माग."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. भांड्याचा आवाज. आणि मग मावशी, जिने आयुष्यात कधी माघार घेतली नाही ती मावशी, गळा फाटेपर्यंत ओरडली, "खडू! चुकलं माझं! मी तसं बोलायला नको होतं!"

पलीकडे कुणाची तरी खिडकी उघडली. मग मामाचा आवाज आला, जरा घोगरा, "ओरडतेस काय, अजून एक कान आहे मला."

आईने फोन बंद केला. पुढचं त्यांचं त्यांना.

आणि मी इथे बसून हे लिहितेय, कारण मला सारखं वाटतंय की अजून एखादं वर्ष गेलं असतं तर तो दुसरा कानही गेला असता. मग ती कितीही ओरडली असती तरी काय. तुमचंही कुणीतरी असेल ना असं, ज्याचा पत्ता तुम्हाला माहीत आहे? कार्ड पाठवू नका, कुणाच्या हाती निरोप देऊ नका, त्याने आधी यावं म्हणून बसू नका. या आठवड्यात जा. दार वाजवा, आणि तो "बस" म्हणाला की बसा.