‘ल’ची भाषा

काल सुनेने फणसाच्या आठळ्या भाजल्या. तो खरपूस वास आला आणि मला मुलुंडचं आमचं जुनं घर आठवलं. मागे भातशेती होती. पन्नास-बावन्न सालची गोष्ट असेल. माझा धाकटा भाऊ सुऱ्या पहिल्याच अक्षराला अडखळायचा. मुलं हसायची, म्हणून त्याने बोलणंच सोडलं होतं. काही हवं असलं की नुसतं बोट दाखवायचा.

फक्त ‘ल’ला तो कधी अडत नसे. मग मी एक भाषा काढली. प्रत्येक शब्द ‘ल’ने सुरू करायचा, पाणी म्हणजे लाणी. ओटीवर बसून आम्ही दोघं कुजबुजत ती बोलायचो.

एका संध्याकाळी आई चुलीत आठळ्या भाजत होती. सुऱ्या तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, “लला लेक लाठळी ले.”

मला एक आठळी दे.

आईच्या हातातला चिमटा थांबला. “लोन ले, लाळा,” ती म्हणाली. दोन घे, बाळा.

आमचं गुपित फुटलं म्हणून मी तेव्हा रुसले होते. आज वाटतं, आम्ही बाहेर कुजबुजत असताना ती आत भांड्यांचा आवाज होऊ न देता ऐकत बसत असणार.