नुसती मान हलवा, काका

फटाकडी हे तिचं घरातलं नाव, आणि ते उगीच पडलेलं नव्हतं. वातीला काडी लागायचा अवकाश. ती विद्यापीठात संवाद आणि माध्यमं शिकायला गेली तेव्हा आत्या म्हणाली होती, "हिला कशाला शिकायला हवं? हिचा संवाद गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो." वडील मात्र तेवढेच शांत. ते बस चालवायचे आणि नव्या ड्रायव्हरांना शिकवायचे, म्हणून डेपोत सगळे त्यांना मास्तर म्हणत.

दुसऱ्या वर्षी गटाने माहितीपट करायचा होता. विषय ठरला शहरातली बससेवा. दिग्दर्शन हिरोकडे आणि चित्रणाची कापाकापी, जोडाजोडीही त्याच्याकडेच. हिरो म्हणजे वर्गातला तो मुलगा, जो घरातसुद्धा गॉगल डोक्यावर चढवून बसत असणार. फटाकडीकडे आवाजाचं काम. त्याच सुमारास ब्रेक न लागल्याने एक बस भिंतीवर आदळली होती आणि तिच्या ड्रायव्हरला, पैलवानाला, चौकशी होईपर्यंत घरी बसवलं होतं. पैलवान म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा माणूस, आणि मास्तरांचा जिवलग. कॅमेऱ्यापुढे बोलायला मास्तर तयार नव्हते. नोकरीचा प्रश्न होता. पण लेकीचा अभ्यास, म्हणून त्यांनी घरी न बोलता शूटिंग करू दिलं. जाता जाता हिरो म्हणाला, "काका, बोलू नका. कोणाचं तरी ऐकताय असं बघा आणि नुसती मान हलवा." असे शॉट घेऊन ठेवायची पद्धतच असते, पुढे कुठे जोड दिसू नये म्हणून. काकांनी मान हलवली. वर पोराला चहा पाजला.

विभागाच्या सभागृहात माहितीपट दाखवला त्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. पडद्यावर डेपोचे साहेब सांगत होते, "गाडी उत्तम होती. ड्रायव्हरचंच लक्ष नव्हतं." आणि लगेच पडदाभर मास्तर, गंभीर चेहऱ्याने मान हलवताहेत. हो, हो, अगदी खरं. टाळ्या पडल्या. माणसं उठून निघाली तरी मास्तर खुर्चीत बसूनच राहिले.

फटाकडीचा पारा चढला. शेवटची जोडणी तिने आधी पाहिलीच नव्हती. आवाज नीट करून दिला आणि बाकीचं हिरोवर सोडलं. चूक तिचीही होती, आणि त्यामुळे राग दुप्पट झाला.

"अगं, साहेबांचं बोलणं मध्ये कापलं होतं, ते झाकायला काहीतरी हवंच ना," हिरो म्हणाला. "काका मस्त दिसलेत."

"झाकायला माझा बाप सापडला तुला? खिडकी दाखवायची होतीस, टायर दाखवायचा होतास!"

विभागप्रमुख मॅडमनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि, निर्लज्जपणा असा, की वर समजूतही घातली. "वडील आहेत म्हणून तुला लागतंय. प्रेक्षक म्हणून बघ. पडद्याची भाषाच आहे ती."

"त्या भाषेत खोटं बोललं तर त्याला काय म्हणतात, मॅडम?"

मॅडम म्हणाल्या की गुण देऊन झालेत, माहितीपट विभागाच्या चॅनेलवर गेलाही आहे. तरी बघू. मोठ्या खुर्चीतलं 'बघू' म्हणजे काय, हे कळायला विद्यापीठात जावं लागत नाही.

डेपोत तो माहितीपट या फोनवरून त्या फोनवर फिरला. मास्तर डबा घेऊन बाकावर बसले की बाकीचे उठू लागले. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. पैलवान मास्तरांचा फोन उचलेना. मास्तर घरी जेवायला बसत आणि ताटात नुसती बोटं फिरवत. लेकीला ते बघवेना.

शेवटी तिने मूळ चित्रण लॅपटॉपवर घेतलं, बापाचा हात धरला आणि डेपोतली विश्रांतीची खोली गाठली. चौकशीची तारीख विचारायला आलेला पैलवानही तिथेच बसला होता. तिने सगळ्यांसमोर तो तुकडा लावला. हिरोचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "नुसती मान हलवा."

"ऐकलंत?" ती ओरडली. "तुमच्या साहेबांचा तिथे पत्ताही नाही. मागाहून जोडलंय सगळं!"

पैलवानाने आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आणि हे जोडलेलं नाही कशावरून? तुम्ही तेच शिकता ना, पोरी?"

फटाकडीने तोच तुकडा पुन्हा लावायला बोट पुढे केलं.

"पैलवान," मास्तर म्हणाले, "मी तुझ्याविरुद्ध गेलो असं वाटलं तुला?"

"वाटलं नाही, मास्तर. पाहिलं मी."

मास्तरांनी लॅपटॉप मिटला. "मग तेही राहू दे आणि हेही. तुझ्या चौकशीला मी येतो. त्या गाडीचे ब्रेक आदल्या आठवड्यात मलाही नीट लागले नव्हते. साहेबांना तोंडावर सांगितलं होतं मी. तेच सगळ्यांसमोर सांगतो."

"बाबा, घरी बसवतील तुम्हाला."

"बसवू देत."

 पैलवान बाकावर थोडा सरकला आणि मास्तर त्याच्या शेजारी बसले. बाकीच्यांनी आपापले डबे उघडले. फटाकडी दारातच उभी राहिली. तिला बरं वाटायला हवं होतं, पण राग काही उतरेना. हिरोने एक जोड झाकला होता. त्याची भरपाई आता तिचा बाप नोकरी देऊन करणार होता, आणि त्याच जोडणीसाठी हिरोला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले होते.