वखारीतली चार कुत्री

मुंबईत रे रोडला आमची लाकडाची वखार आहे. तिथे एक म्हातारा मालवणी वॉचमन आहे, मी कारकून. वखारीत चार कुत्री आहेत आणि ओंडक्यांच्या फटींत घोणशी. म्हणून रोज सकाळी कुत्री आपल्या खोलीतून बाहेर सोडण्याआधी तो प्रत्येक थप्पीभोवती काठी आपटत फिरतो. उंदीर आले की साप येतात, म्हणून आमच्या डब्यातलं सांडलेलं शीतही उचलतो. मधेच थांबून गुडघे चोळतो. "ह्या काय संपूचा नाय," एवढंच म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात तरीही एका कुत्रीला घोणस चावलीच. टॅक्सीवाले कुत्रं घेईनात. "तिका चालवूक नको, विष चढतला," म्हणत त्याने तिला खांद्यावर टाकलं आणि परळच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत चालत नेलं.

"काका, थोडा वेळ मी घेतो," मी वाटेत म्हटलं. त्याने फक्त खांदा बदलला.

इंजेक्शनं झाली. संध्याकाळी तिने डोकं उचललं, थोडं पाणी प्यायली. डॉक्टर म्हणाले, "वाचली." मला वाटलं, आता तरी हा हसेल. तो बाकाला धरून उठला.

"चल रे," म्हणाला, "बाकीची तीन थय वखारीत एकटीच आसत."