हौसाबाईंचा स्लॅब

हौसाबाई नव्या स्लॅबवर चढल्या की आधी चप्पल काढायच्या. मग वाकून तळहात टेकवायच्या, अंगात ताप आहे का बघावं तसा. "बाळंतीन हाय ही, सायेब. हिला उनात सोडून चालत न्हाई," म्हणत पाइप हातात घ्यायच्या.

मी कर्जतला बांधकामाचे ठेके घेतो. नवरा गेल्यावर हौसाबाईंनी ऊसतोडीला जाणं सोडलं आणि माझ्याकडे स्लॅबवर पाणी मारायला लागल्या. अलीकडे तालुक्यात बांधकामं फार वाढली. रस्ता रुंद झाला, त्यात जमीन गेलेल्यांकडे पैसा आला, कडेला गाळे उभे राहिले. पण निम्मी कामं निघतात ती मुलांच्या लग्नासाठी. पत्र्याच्या घरात कुणी मुलगी देत नाही. हौसाबाई गवंड्यांना चिडवायच्या, "नवरदेवाच्या ब्यांडआदी तुमचं मिक्सर वाजतंय."

त्यांच्या मुलाचं, दत्तूचंही लग्न जमत नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं : दोन खोल्या बांधा, स्लॅब टाका, जमून जाईल. त्यांनी शेळ्या विकल्या. भर उन्हाळ्यात स्लॅब टाकून झाला. दिवसभर माझ्या कामावर पाणी मारून संध्याकाळी त्या लांबच्या हापशावरून हंडे आणायच्या, शिडीने वर न्यायच्या. मी एक टँकर पाठवला, तर त्यांनी आधी वस्तीतल्या बायकांना भरून घ्यायला लावलं. उरलं ते स्लॅबला.

मुलीकडचे आले त्या दिवशी मलाही बोलावणं होतं. रंगाचा वास जात नव्हता, म्हणून दार सताड उघडं ठेवून बसलो. मुलीच्या मामांनी घर छान झालंय म्हणून सांगितलं, चहा घेतला आणि दत्तूला विचारलं, "पुन्याकडं फ्लॅट बघितलाय का कुठं? पोरीला गावात ऱ्हायाचं न्हाई."

दत्तूने माझ्याकडे पाहिलं. मी बशीतल्या पोह्यांकडे बघत राहिलो.

पुढे दत्तू चाकणला कंपनीत लागला. त्याच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून घराला कुलूप लावून हौसाबाईही निघाल्या. एसटी स्टँडवर मी म्हणालो, "मावशी, माझं ऐकायला नको होतं तुम्ही."

त्यांनी बोचकं मांडीवर ओढून घेतलं. "तुमचं कुटं ऐकलं, सायेब? मलाच पायजे हुतं सिमेटाचं घर. पोराचं निमित्त केलं." मग गाडीच्या दिशेने बघत म्हणाल्या, "एक पावसाळा तरी निजायचं हुतं त्याच्यात."