ऋतूचं राखाडी खूळ

शाळेत प्रार्थना चालू होती. मी पोरांच्या रांगेमागे उभी होते आणि पर्समधला फोन सारखा थरथरत होता. प्रार्थनेच्या वेळी फोन घेणाऱ्या शिक्षकांना मी आजवर इतकं सुनावलंय की मला तो घेता येईना. प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला, दिनविशेष झाला. वर्गाकडे जाताना पाहिलं तर दाजींचे सहा मिस्ड कॉल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सहा वेळा फोन करणारा हा माणूस नव्हे. मी फोन लावला. "ऋतू गेली," एवढंच म्हणाले… आणि थोडं थांबून, मला ऐकू आलं नसावं असं वाटून, "सकाळी गेली." डेंग्यूचा ताप आहे हे मला ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी अक्का फोनवर म्हणाली होती, सलाईन लावलंय, उतरंल. सव्वीस वर्षांची पोर तापानं जाते, हे मला अजून खरं वाटत नाही.

ऋतुजा माझी भाची, अक्का-दाजींची लेक. जन्म वडूजचा, नोकरी शिरवळला एका कारखान्यात, गाड्यांचे सुटे भाग तपासायची. कामावर सगळ्यांसारखा निळा डगला. पण डगला उतरला की ही कोण म्हणून समोर येईल याचा नेम नसे. तिचं एक ठाम मत होतं. "मावशी, कानात एक वाजतंय आणि अंगावर दुसरंच, असं कसं चालंल? दोघांचं पटाय पायजे." त्यामुळे तिचं गाणं बदललं की कपाट बदलायचं. नववीत असताना कोरियन पोरांच्या गाण्यांचं वेड लागलं, तेव्हा वडूजच्या भर उन्हात ही गुडघ्यापर्यंत मोजे घालून आणि केसांत सोळा चिमटे लावून क्लासला जायची. कॉलेजात रॅप आलं. मग दाजींचे फौजेतले बूट, पुढं चवड्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, ही साताऱ्याच्या पोवई नाक्यावर घालून फिरली. दाजींनी तो तमाशा एसटीतून पाहिला आणि घरी येऊन आठ दिवस अबोला धरला. नंतर कव्वाली आली, तिच्याबरोबर डोळेभर काजळ आणि कानात वाटीएवढे झुमके आले. दाजी ओरडायचे, ही खाली मान घालून ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी झुमके आणखी मोठे असायचे.

मी सांगलीत राहते, शाळेत मराठी शिकवते, आणि टापटिपीचं मला जरा जास्तच आहे. साडीची पिन कुठे लागावी यावर माझी मतं आहेत. त्यामुळे ऋतूवर टीका करण्याचा मान घरात माझ्याकडे होता आणि तोही ती आनंदानं द्यायची. नवीन अवतारातला फोटो आधी मला पाठवायची. मी लिहायचे, "हे काय गुंडाळलंयस?" त्यावर तिकडून हसण्याची रांग. खरं सांगते, दिवसभरात मी ज्याची वाट बघायचे असं तेवढंच एक काही असायचं. तिला मात्र हे कधी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तिला आहेराच्या साड्यांचा नाद लागला. आमच्याकडे आहेराची साडी कशी फिरते हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. हळदीकुंकू लावून ती घ्यायची, प्लास्टिकच्या पिशवीतच ट्रंकेत ठेवायची आणि पुढच्या लग्नात कुणाला तरी लावून द्यायची. घडी मोडायची नाही. अक्काच्या घरातली एक जांभळी साडी चार घरं फिरून पुन्हा तिच्याकडेच आली होती. ऋतूला या साड्यांची दया आली. "एवढं देणंघेणं झालं आन् एकीनं पण अंगाला लावली न्हाई," म्हणायची. तेव्हा तिच्या कानात हलगी आणि मशीनचा ठेका एकत्र केलेलं काहीतरी धडधडत असे. त्याला शोभतील म्हणून तिनं या साड्यांची लांब जाकिटं शिवायला घेतली. अक्कानं ट्रंकच पुढ्यात ओढून दिली. म्हणाली, काप कुठली कापायची ती, तेवढीच जागा हुईल.

आणि मग सांगलीतलं ते लग्न. नवरी आमच्या चुलत घरातली. ऋतू शिरवळहून थेट आली, मला लांबूनच हात केला आणि जवळ आली. तिच्या अंगावर काळ्या इरकलीचं जाकीट होतं, लाल काठ पाठीवरून खाली सोडलेले. खांद्यापाशी निळ्या दोऱ्यानं केलेलं रफू होतं. चुलीतला निखारा उडून पडलेलं ते भोक आईनं माझ्यासमोर रफू केलं होतं. घरात काळा दोरा नव्हता म्हणून निळा. आईची ती साडी माझ्या कपाटात होती, असावी, अशी माझी खात्री होती. मी काही विचारलं नाही. चार बायकांच्या देखत म्हणाले, "माझ्या आईला उभी चिरलीस की गं. तुला कपडे कळतात, माणसं नाही कळत." ऋतूनं माझ्याकडे बघितलं. जाकीट काढलं, नीट घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवलं आणि जेवायला निघून गेली. अक्का तेव्हा नवरीच्या खोलीत होती, तिला यातलं काही कळलं नाही. ऋतूची आणि माझी तीच शेवटची भेट.

घरी येऊन कपाट उघडलं. आईच्या साडीच्या जागी, तसल्याच पिशवीत, तसल्याच काळ्या घडीची एक आहेराची साडी होती. अक्काच्या वास्तुशांतीला निघताना मला एसटी गाठायची होती, घाईत मी वरची सोडून खालची पिशवी उचलली होती. म्हणजे आईची साडी मीच आहेर म्हणून देऊन टाकली, अक्कानं रिवाजाप्रमाणे ती न उघडता दोन वर्षं ठेवली, आणि अख्ख्या घरात जिनं तिची घडी मोडली तिला मी बोलले. हे मला त्याच संध्याकाळी कळलं. फोन करायला हवा होता. राहून गेला असं नाही, मी केला नाही. मोठ्यांनी चूक कबूल करायची तर त्याला जरा बरा प्रसंग हवा, असं काहीतरी मी मनाशी धरून बसले. पाच महिने गेले. फोटो येणं बंद झालं. मध्ये एकदा अक्का म्हणाली, "ऋतूनं रंगच सोडलाय गं. राखाडी, मळकं, असलंच घालतीया. कोण काय बोललं का काय कुणास ठावं." मी विषय बदलला.

ऋतू गेल्यावर वडूजला घरात बसलो होतो तेव्हा शेजारची एक बाई हळूच म्हणाली, "शेवटी शेवटी पोरीनं सगळा नट्टापट्टा टाकला हुता. तिला कळलं आसंल." बाकीच्या बायकांनी मान डोलावली. मी तिथून उठून मागच्या दारी गेले आणि न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. तिला काय कळलं होतं ते मला माहीत होतं. बापाच्या बारा वर्षांच्या ओरड्यानं जिचा एक झुमका कमी झाला नाही, तिचे सगळे रंग माझ्या दोन वाक्यांनी उतरवले होते, आणि तशीच ती गेली. मला नीट रडतासुद्धा येत नव्हतं. तिची आठवण काढायला लागले की मध्ये मीच येऊन उभी राहायचे.

तेराव्यानंतर तिची शिरवळची खोली रिकामी करायची होती. अक्काच्यानं होईना, दाजी तर खोलीचं नाव काढलं की उठून जायचे. मी गेले. स्नेहल म्हणून कोरेगावकडची मुलगी तिच्याबरोबर राहायची, एकाच कारखान्यात दोघी. खोलीत दोरीवर राखाडी कपडे वाळत घातलेले होते, तसेच राहिलेले. कुर्ते, ओढण्या, एक फ्रॉक, सगळं धुरकट. मोरीतल्या फरशीवर काळेनिळे डाग. मी त्या दोरीखाली उभी राहिले आणि मला बोलल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "स्नेहल, तिनं रंग कधीपासून सोडले गं?"

"सोडले कुठं? करायला लागली हुती की," स्नेहल म्हणाली. "ह्ये सगळं तिनं घरी रंगवलंय. हिरड्याचं पाणी आन् गंजक्या खिळ्यांचं पाणी. पंधरा दिवस बादलीत खिळे भिजत हुते आवं. घरमालकीण लय बोलली फरशीवरनं. पांढरा कपडा बुडवायचा, काढायचा, परत बुडवायचा. ढग भरून आल्यावर असतो तसला राखाडी पायजे हुता तिला, त्यो काय येईना. आठरा कपडे झाले."

"पण राखाडीच का?"

"ते नवीन गाणं न्हाई का लागलं तिला. कुठल्या तरी बर्फाच्या देशातलं. त्यात रंगीत चालत न्हाई म्हणायची."

मी दोरीकडे बघत राहिले. मग ते लग्नातलं विचारलं. मी तिला बोलले होते, ते काही म्हणाली का? स्नेहल जरा घुटमळली. "सांगितलं की. मावशीनं चार बायकांत झापलं म्हणाली. दोन दिवस फुगून हुती. मग म्हणाली, साडी आजीची हाय हे मला कोण सांगितलं हुतं? मावशीचं चुकलंय. दिवाळीला सांगलीला जाणार, आन् समोर बसून भांडणार. फोनवर न्हाई, फोनवर मावशी ठेवून देती." आणि थोडं आठवून, "मठ्ठा लय भारी हुता म्हणाली त्या लग्नातला."

मी खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा ते रडणं ऋतूसाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं. पोरगी खचली नव्हती. ती चिडली होती, आणि बरोबर होतं तिचं चिडणं. पाच महिने ती खिळे भिजवत होती, घरमालकिणीची बोलणी खात होती, मनासारखा ढग येईना म्हणून हैराण होती. मला किती हलकं वाटलं हे लिहायला संकोच वाटतो, पण वाटलं. त्यातला एक कुर्ता मी तिथंच अंगाला लावून पाहिला आणि कॉलरची शिलाई जरा वाकडी आहे असं मनात आलं. तिच्यात खोट काढायची माझी सवयसुद्धा परत आली होती.

शिरवळहून सांगलीला न जाता मी वडूजची एसटी पकडली. अक्काला सगळं सांगितलं. साडी, चार बायका, मी न केलेला फोन. अक्का भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. "म्हंजी आईची साडी दोन वरीस माझ्या ट्रंकंत हुती," म्हणाली. मग भाजी बाजूला सारली. "आन् तू बोललीस म्हणून ऋतूनं रंग सोडला आसं वाटलं व्हय तुला? आगं, तिनं जल्मदात्या बापाचं कवा ऐकलं न्हाई. तू कोण लागून गेलीस?" असं कुणी मला कधी बोललं असतं तर मी उठून गेले असते. त्या दिवशी अक्काचा हात धरून बसले.

स्नेहलनं ते गाणं माझ्या फोनमध्ये घालून दिलं होतं. अक्का म्हणाली, लाव बघू, कसलं हाय तरी. मी लावलं. एक माणूस कुजबुजल्यासारखं काहीतरी म्हणत होता, मागे एक सूर लांबच लांब चाललेला. ठेका नाही, शब्द कळत नाहीत. अक्कानं दोन मिनिटं कपाळाला आठ्या घालून ऐकलं. "काय गं ह्ये," ती म्हणाली, "कोण मेलंय का ह्यांच्यात?"

बाहेर ओसरीवर दाजी बसले होते, त्यांची खुर्ची कुरकुरली. मी फोन बंद करायला हात पुढे केला, तर अक्कानं तो धरला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "वाजू दे."