अर्धी कबुली आधी, अर्धी हरणानंतर

आयर्लंडमधल्या ल्यूकनमध्ये आमच्या शेजारी एक निवृत्त बसचालक राहतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यानं गॅरेज आवरायला काढलं आणि मी भिंतीवरून डोकावलो. पसाऱ्यात एक शिकारीचं धनुष्य होतं. तरुणपणी तो कॅनडात होता, तेव्हा त्या धनुष्यानं हरणं मारायचा.

मी किराणा दुकानदार. विद्यार्थी म्हणून आलो, पेट्रोल पंपावर राबलो आणि दुकान उभं केलं. वस्तू दिसली की माझी जीभ आपोआप भाव पाडायला लागते. धनुष्याचा पाडला. मग भाता वर मागितला, मग बाण, आणि शेवटी ब्रॉडहेडची डबी. ब्रॉडहेड म्हणजे बाणाच्या टोकाला बसवायची धारदार पाती. डबीत दोन प्रकार होते. एकात पाती कायम उघडी, दुसऱ्यात मिटलेली, हरणाला लागली की फटकन उघडणारी.

"उघडणारं नको," तो म्हणाला. "हाडावर आपटलं की दगा देतं. साधं दोन पात्यांचं बरं, त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच."

"पण उघडणाऱ्याची जखम मोठी होणार. रक्त जास्त, माग सोपा."

"आत पोचलं तर ना!"

"दोन्ही दे."

"ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे ठरलं.

त्यानंतर कित्येक महिने मी दुकान बंद केलं की व्हिडिओ बघत बसायचो. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस, जनावर जवळच पडलेलं असणार. काळपट असेल तर यकृत, थांबा, घाई करू नका. माग हरवला तर शेवटच्या थेंबापाशी खूण ठेवा. गिऱ्हाइकांना डाळ तोलून देताना मी हे सांगायचो. आणि एक दिवस त्यातल्याच एकानं मला सांगितलं की आयर्लंडमध्ये धनुष्यानं हरीण मारायला बंदी आहे. परवाना मिळतो तो फक्त रायफलचा.

बायको हसून हसून प्रेसच्या दाराला टेकली. आमच्याकडे आता कपाटाला प्रेसच म्हणतात. "अहो, त्याच्याकडून सगळं वर मागून घेतलंत. हे इथं चालतं का, एवढं विचारायचं राहिलं?"

मी तणतणत भिंतीपाशी गेलो. "तुला माहीत होतं की नाही?"

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला आणि गुलाबाला पाणी घालत राहिला.

झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. मला फसवलेलं चालतं, पण सौद्यात फसवलेलं नाही. तो कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आला की मी माझा आत न्यायचो.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बायको म्हणाली, "तुमचा युअर मॅन दारात उभा आहे."

युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी'. शेजारी टोपी हातात घेऊन उभा होता. विकलोच्या डोंगरात शिकारीला निघाला होता. नेहमी बरोबर येणाऱ्या भावाचा गुडघा धरला होता. "येतोस का?"

"मीच का?"

"रक्ताबद्दल आख्ख्या हाउसिंग एस्टेटमध्ये तूच बोलत असतोस."

राग होताच, पण पाय निघाले.

दुपार कलल्यावर त्यानं सिका जातीच्या एका नरावर गोळी झाडली. नर कमानीसारखा उसळला आणि नेच्यांच्या रानात घुसला. आम्ही थोडं थांबून मागावर निघालो. ऑक्टोबरात तिथले नेचे कमरेएवढे आणि गंजाच्या रंगाचे असतात. रक्तही जवळजवळ त्याच रंगाचं. अंधार व्हायच्या आत नर सापडला नसता, तर जखमी जनावर रात्रभर तिथंच तडफडलं असतं.

शेजारी पुढे, मी मागे. आणि मला दिसलं की तो रक्तावर पाय देत चाललाय.

"अरे, थांब! थेंबावर उभा आहेस तू."

"कुठे आहे?"

"बुटाखाली! आणि हा बघ, डावीकडे केवढा मोठा."

त्यानं पाहिलं. डावीकडे नाही, माझ्या तोंडाकडे. "मला लाल दिसत नाही," तो म्हणाला. "हिरव्यात नाही, तपकिरीत तर नाहीच. भाऊ बघायचा."

गरजू गिऱ्हाईक मला वासावरून कळतं. माझ्या अंगात असं काही वारं शिरलं की नाचावंसं वाटलं.

"मी शोधतो," मी म्हणालो. "पण आधी कबूल कर. तुला माहीत होतं."

"हरीण मरतंय आणि तू सौदा करतोस?"

"चालता चालता करतोय. वेळ तू घालवतोयस."

"अर्धं आत्ता देतो," तो म्हणाला. "अर्धं हरणानंतर. होय, माहीत होतं. आता चल."

मी पुढे झालो. देठावर गुडघ्याएवढ्या उंचीवर रक्त पुसलेलं होतं, गुलाबी, त्यात बुडबुडे. "फुफ्फुस!" मी ओरडलो. "लांब नाही गेलेला!" मग थेंब संपले. मी शेवटच्या थेंबापाशी माझा रुमाल बांधला आणि गोल फिरलो. काहीच नाही. आणखी मोठा गोल. उजेड विटत चालला होता. ओढ्याच्या उतारावर एका पानाच्या पाठीवर एकच ठिपका दिसला आणि मी लहान पोरासारखा घसरत खाली गेलो. नर ओढ्याच्या काठावर पडला होता. शांत, केव्हाच गेलेला.

शेजारी पोचला आणि त्यानं टोपी काढली.

"उरलेलं अर्धं," मी म्हणालो.

"कॅनडात बाणानं मारलेलं एक हरीण मला सापडलं नाही," तो म्हणाला. "गोळी लागली की बहुतेक तिथंच पडतं. बाणाला माग काढावाच लागतो. त्यानंतर ते धनुष्य घरात नको होतं. तू आलास. सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

"नाही."

"शिवाय तू बोलायचा थांबतच नव्हतास. मध्येच तोंड उघडलं असतं तर वर रायफल मागितली असतीस."

मला हसू आवरेना. त्यालाही. मेलेल्या हरणापाशी दोन बाप्ये पोट धरून ओढ्याकाठी बसलो.

"मागची एक तंगडी तुझी," डोळे पुसत तो म्हणाला.

"दोन," मी म्हणालो.

"आधी हे वर ओढ."

मी शिंगं धरली. "पण उघडणारं पातंच चांगलं," मी म्हणालो, आणि आख्खा चढ आम्ही भांडत चढलो.