मागेल त्याला सही

मागेल त्याला पाणी देणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण मागेल त्याला सही देणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे माझे साडूभाऊ. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते सुट्या भागांची मापं तपासायचे आणि ती सवय घरीही घेऊन यायचे. पापडाची जाडी, जिलबीची रुंदी, काहीच त्यांच्या हातून सुटायचं नाही. एकदा गुलमंडीच्या बाजारात पडद्याचं कापड घेताना त्यांनी दुकानदाराचा गजच खिशातल्या टेपनं मोजला आणि भर दुकानात जाहीर केलं, "शेठ, दोन सूत कमी हाय!" शेठनं कापड दिलं, पण पुन्हा येऊ नका, अशी हात जोडून विनंतीही केली. असा हा काटेकोर माणूस कागद मात्र न वाचता सही करायचा. "दोस्तानं मागितली, वाचत काय बसायचं?"

अशाच एका दोस्ताच्या टेम्पोच्या कर्जाला ते जामीन राहिले. दोस्त टेम्पोसकट गायब झाला आणि बँकेची पत्रं साडूभाऊंकडे येऊ लागली. ती ते न फोडताच कपाटावर टाकायचे. अनोळखी नंबर दिसला की फोन थेट उशीखाली! पुढं त्यांचा कारखाना बंद पडला. सैन्यासाठी सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत निवडही झाली, पण तिथं आत जायला सुरक्षा तपासणी पार करावी लागणार होती. फॉर्मवर प्रश्न होता : थकीत कर्ज किंवा जामीनकी आहे का?

मी म्हणालो, "लिहा 'नाही'. कोण बघायला बसलंय?"

दोन दिवस ते फॉर्मकडे नुसते बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पाव्हणं, केसाएवढा फरक असला तरी मी माल परत धाडतो. इथं तर अख्खा टेम्पो लपवायचाय. नाय जमायचं."

पत्रं पिशवीत भरून ते बँकेत गेले, हप्ते बांधून घेतले आणि फॉर्मवर 'हो' लिहून वर तीन पानं खुलासा जोडला.

सुरक्षा तपासणीच्या मुलाखतीत तिथल्या साहेबांनी विचारलं, "कर्जात अडकलेल्याला आमिष दाखवणं सोपं असतं. उद्या कुणी आतल्या नकाशाचे लाखभर रुपये देऊ केले तर?"

"साहेब, मी अडकलो ते फुकट सही देऊन. पैसे घ्यायची अक्कल असती तर ही वेळ आली असती व्हय?"

साहेब लई हसले, पण आत जायचा पास दिला नाही. म्हणाले, "सहा महिने नियमित हप्ते भरा, मग बघू."

साडूभाऊंनी शेजाऱ्याची रिक्षा घेऊन वेरूळच्या फेऱ्या मारल्या. एकही हप्ता चुकला नाही. सातव्या महिन्यात पास आला.

पहिल्या दिवशी मीच त्यांना स्कूटरवरून सोडायला गेलो. त्यांनी गळ्यातला पास दाखवला, पहारेकऱ्यानं सलाम ठोकला आणि ते ताठ मानेनं आत गेले. मी जरा पुढं झालो, तसा पहारेकरी नम्रपणे म्हणाला, "तुम्हाला नाही जाता येणार, साहेब."

बरोबरच होतं त्याचं. मी स्कूटर वळवली.